भोक भिंतीला पडावे, गंगाजळीला नको

(जीर्णोद्धार समारंभाच्या निमित्ताने भुईगाव येथे ग्रामस्थांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धाराच्या प्रसंगी बोलायचे ते कळसाविषयी, मूर्तीविषयी, पूर्वजांच्या पुण्याईविषयी, अशी रीत आहे. आजचा विषय त्या मानाने अगदी लहान आहे. भिंतीला आरपार भोक पाडायचे तर कोणते ड्रिल घ्यावे, किती पैशांत घ्यावे, आणि मुळात घ्यावे की नाही, एवढाच तो आहे. परंतु समितीच्या बैठकीत कळसावरून जेवढे वाद होत नाहीत तेवढे अशा लहान खर्चावरून होतात, हा गावोगावचा अनुभव आहे. कळसाला देणगीदार मिळतो, त्याच्या नावाची पाटी लागते. ड्रिलला पाटी लागत नाही. तो खर्च पै-पैने जमलेल्या गंगाजळीतून जातो. म्हणूनच त्याचा विचार चारचौघांत, उघडपणे व्हावा हे बरे.

आता भोके लागतात तरी किती? जुने देऊळ बांधले तेव्हा वीज नव्हती, नळ नव्हता, ध्वनिक्षेपक नव्हता. आज विजेच्या तारेची नळी आत घ्यावी लागते, सभामंडपाच्या गच्चीवरचे पावसाचे पाणी खाली उतरवावे लागते, पाय धुण्याच्या जागेचे पाणी बाहेर काढावे लागते, स्वयंपाकघराच्या धुराला वाट द्यावी लागते. सगळी मिळून दहा-बारा भोके होतात. त्यांतली बहुतेक तारेच्या नळीपुरती, म्हणजे २० किंवा २५ मिलिमीटरची असतात. मोठी दोन किंवा तीनच. सांडपाण्याचा ११० मिलिमीटरचा पाइप न्यायचा तर सुमारे १२५ मिलिमीटरचे, म्हणजे पाच इंची भोक लागते. एवढा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे, आणि भोके मोजून ड्रिल पाहावे.

दुसरी गोष्ट भिंतीची. वसईच्या पट्ट्यात भिंती एका जातीच्या नाहीत. नव्या सभामंडपाची भिंत विटांची आणि सिमेंटची, नऊ इंची. खांब आणि तुळया सळईच्या काँक्रीटच्या. जुन्या वास्तूची भिंत काळ्या दगडाची आणि चुन्याची, दीड-दोन फूट जाडीची. पुष्कळदा आतबाहेर घडीव दगड आणि मधल्या पोकळीत लहान दगड व चुन्याची भर. अशा भिंतीत दगड लोखंडासारखा कठीण आणि चुना मऊ. एकच पाते त्याच भोकात घटकेत कठीणावर घासते आणि घटकेत मऊत घुसते. तिथेच ते अडकते, आणि तिथेच माणसाचे मनगट मुरगळते.

पूर्वी हे काम पाथरवट छिन्नी-हातोड्याने करीत. सुताराचे गिरमिट लाकडाला, पाथरवटाची छिन्नी दगडाला. वेळ लागे, पण चांगला पाथरवट दगडाचा कल ओळखून घाव घाली. घाई झाली की मात्र पहार येई. ठोक्याने भिंतीचे काय होते हे वसईकरांना वेगळे सांगायला नको. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा त्या भक्कम तटाला खिंडार पडले ते सुरुंगांनी. तिथे भिंत पाडायचीच होती. देवळाच्या कामात भिंत राखायची आहे. पहारीच्या आणि मोठ्या हातोड्याच्या दणक्याने समोरचा दगड निघतो, पण त्याबरोबर आजूबाजूच्या दगडांमधला जुना चुनाही सुटतो. ते त्या दिवशी दिसत नाही. दोन पावसाळ्यांनी भिंत आतून ओल धरू लागते, तेव्हा कळते.

ठोका न मारता, नुसते घासून गोल भोक पाडण्याची कला काही नवी नाही. प्राचीन मिसर देशातील कारागीर तांब्याची नळी वाळूवर फिरवून कठीण ग्रॅनाइटला भोक पाडीत. त्या भोकांतून निघालेले दगडी दांडे आजही पाहायला मिळतात. गुजरातेत खंभातचे कारागीर अकीकाच्या मण्यांना भोक पाडण्यासाठी टोकाला हिऱ्याच्या बारीक कण्या बसवलेले कमानीचे गिरमिट वापरीत आले आहेत. आजचे कोअर ड्रिल म्हणजे याच दोन युक्त्यांची बेरीज. पोकळ नळी, तिच्या ओठाला हिऱ्याच्या कणांचे तुकडे, आणि फिरवायला मोटर. नळी फक्त कडेची रिंगण कापते, मधला गोळा अखंड निघतो. सगळे भोक कोरण्यापेक्षा कडा कापणे कमी कष्टाचे, एवढेच त्यातले इंगित आहे.

विजेचे हातड्रिल १८९५ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथील फाइन या कंपनीने प्रथम बनवले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका, या रचनेचे पेटंट १९१७ साली अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर यांना मिळाले. दगडाला ठोके देत फिरणारा विजेचा हॅमर बॉश कंपनीने १९३२ साली बाजारात आणला. मुंबईत मुलुंडला निघणारी राली वूल्फची ड्रिले जुन्या मिस्त्र्यांच्या चांगली परिचयाची होती. आज दुकानात शंभर नावे दिसतात. नावांच्या गर्दीत गोंधळू नये. कामाच्या दृष्टीने जाती तीनच.

पहिली जात साध्या इम्पॅक्ट ड्रिलची. घरोघरी असते ती हीच. हिच्या आत दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडतात आणि बारीक ठोके पडतात. विटेत खुंटी, स्क्रूचा गट्टा, दहा-बारा मिलिमीटरचे भोक यासाठी ती ठीक. पण ही मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेते. हिला चार इंची कोअर लावला तर काय होईल? चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीचा परीघ ३१४ मिलिमीटर. मिनिटाला ३,००० फेरे झाले तर नळीचा ओठ तासाला ५६ किलोमीटर वेगाने दगडावर घासेल. हिरा तापेल, त्याचे तुकडे निखळतील, आणि मोटरीतून धूर निघेल. तेच ६०० फेरे ठेवले तर वेग तासाला अकरा किलोमीटर होतो, सायकलीएवढा. नियम असा की व्यास जितका मोठा, फेरे तितके कमी.

दुसरी जात रोटरी हॅमरची. हिच्यात हवेच्या दाबाने मागेपुढे होणारा दट्ट्या असतो, म्हणून माणसाला जोर लावावा लागत नाही. पात्याचा दांडा खाचांचा असतो, त्याला एसडीएस म्हणतात. ही बैठक १९७५ साली बॉशने आणली. लहान यंत्रांना ‘एसडीएस प्लस’, दहा मिलिमीटर दांड्याची. मोठ्यांना ‘एसडीएस मॅक्स’, अठरा मिलिमीटर दांड्याची. सुमारे ८०० वॉटचा ‘प्लस’ जातीचा हॅमर काँक्रीटमध्ये २६ मिलिमीटरपर्यंत आणि विटेच्या भिंतीत दातेरी कोअर लावून साधारण ६८ मिलिमीटरपर्यंतचे भोक पाडू शकतो. नळीची सगळी भोके, आणि हात धुण्याच्या जागेचा पाइपही यात आला.

तिसरी जात खऱ्या कोअर ड्रिलची. मोटर जड, फेरे कमी, ठोका नाही, बाजूला लांब मूठ, आणि आत क्लच. हिऱ्याच्या कोअरला हीच हवी. इथे एक चूक वारंवार होते. हिऱ्याचा कोअर लावून हॅमरचा खटका चालू ठेवला जातो. हिरा घासण्यासाठी आहे, ठोकण्यासाठी नाही. ठोक्याने त्याचे तुकडे पहिल्याच भोकात उडतात. कार्बाइडच्या दातांच्या कोअरला मात्र हॅमर चालतो. दोन पाती दिसायला जवळपास सारखी, स्वभावाने उलट. विकत घेताना ‘हे पाते ठोक्याचे की बिनठोक्याचे?’ असे विचारून घ्यावे.

क्लच कशाला, असे कोणी विचारील. समजा १,५०० वॉटचे यंत्र ६०० फेऱ्यांनी चालले आहे, आणि हिशेबापुरते सगळी शक्ती पात्यापर्यंत पोचली असे धरले. तर एक फूट लांबीच्या मुठीवर आठ किलो वजन टांगल्याइतका पीळ हाताला सतत येतो. हे सुरळीत चालताना. दगड आणि चुना यांच्या सांध्यात नळी अडकली तर तो एका क्षणात कितीतरी पटींनी वाढतो. पाते थांबते आणि यंत्र फिरू लागते, त्याबरोबर मनगटही. शिडीवर उभा असलेला माणूस खाली येतो. क्लच असेल तर तो घसरतो आणि माणूस वाचतो. पैसे वाचवायचे तर पेटीत वाचवावेत, जोडीला मिळणाऱ्या पात्यांच्या संचात वाचवावेत. क्लचमध्ये वाचवू नयेत.

आता खर्चाचा मुख्य मुद्दा. प्रत्येक गावात यावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, यंत्र विकत घ्या, गावाच्या मालकीचे होईल, पुढे घरोघरी उपयोगी पडेल. दुसरा म्हणतो, तीन भोकांसाठी एवढे यंत्र कशाला, भाड्याने आणा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून आवाज न चढवता आकडे मांडावेत. यंत्राची किंमत ही वीस दिवसांच्या भाड्याएवढी आहे असे उदाहरणादाखल धरू. वर्षात तीनच दिवस ते चालणार असेल तर किंमत वसूल व्हायला जवळजवळ सात वर्षे लागतील. पात्यांचा खर्च तर दोन्हीकडे वेगळाच. त्यात भुईगाव समुद्रकाठी. खारी हवा लोखंडाला आणि मोटरीला सात वर्षे सुखाने राहू देत नाही. पोत्यात गुंडाळून भांडारात टाकलेले यंत्र दोन पावसाळ्यांत गंजते आणि पुढच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी सुरू होत नाही.

म्हणून मधला मार्ग सर्वांत स्वस्त पडतो. नळीची आणि दोन-अडीच इंचापर्यंतची भोके पुष्कळ आहेत, आणि पुढेही लागणार आहेत. त्यांच्यासाठी मध्यम किमतीचा, क्लच असलेला, ठोका बंद करण्याची सोय असलेला ‘प्लस’ जातीचा हॅमर विकत घ्यावा. पाच इंची भोके दोन-तीनच आहेत. ती एका दिवशी, आधी खुणा करून ठेवून, भाड्याच्या यंत्राने किंवा यंत्रासह येणाऱ्या कारागिराकडून एकदम करून घ्यावीत. भाडे दिवसाचे लागते, भोकांचे नाही. खुणा करण्यात अर्धा दिवस घालवला तर अर्धे भाडे वाया गेले. काळ्या दगडात मोठे भोक असेल तर स्वतःच्या हाताने करण्याचा हट्ट अजिबात धरू नये. विटेसाठी असलेला कोरडा हिरा काळ्या दगडावर गुळगुळीत होऊन नुसता तापतो. तिथे पाण्यावर चालणारा कोअर, भिंतीला पक्का बसवलेला स्टँड आणि सरावाचा माणूसच हवा.

आणि सर्वांत स्वस्त ड्रिल कोणते, तर जे लागतच नाही ते. दगडी भिंतीत तारेची नळी न्यायची असेल तर दगड फोडण्याऐवजी दोन दगडांमधली दर्ज धरावी. तेथला चुना बारीक छिन्नीने निघतो. मोठ्या पाइपालाही कधीकधी एखादा लहान दगड अलगद काढून, पाइप बसवून, बाकीची जागा परत बांधून घेता येते. जुन्या गवंड्याला हे विचारावे. तसेच गाभाऱ्याच्या तीर्थाला जुन्या देवळात मुळात वाट ठेवलेलीच असते, बहुधा उत्तरेच्या अंगाला. ती बुजली असेल तर साफ करावी. नवे भोक पाडण्याची गरज नाही.

विकत घेताना पाच गोष्टी पाहाव्यात. पहिली, सुटे भाग आणि कार्बन ब्रश जवळपास, वसईत किंवा विरारला मिळतात का. दुसरी, दुरुस्ती कोण करतो. तिसरी, खटका दाबण्याच्या प्रमाणात वेग कमीजास्त होतो का. चौथी, बाजूची मूठ पक्की बसते का. पाचवी, पावती आणि हमीपत्र समितीच्या नावाने मिळते का. वॉटच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. आकडा मोटर किती वीज खाते ते सांगतो; भिंतीला किती देते ते सांगत नाही.

विजेविषयी दोन शब्द. १,५०० वॉटच्या यंत्राला २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर लागतात. दिव्याच्या पॉइंटवर ते लावू नये, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट वापरावा. मांडवातली बारीक वायर लांबवर ओढली की वाटेत दाब पडतो. ३० मीटर लांबीच्या पाऊण चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत २,००० वॉटच्या यंत्राला तेरा-चौदा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत जेमतेम चार. संध्याकाळी दाब आधीच कमी असेल तर मोटर तापते आणि दोष यंत्राला दिला जातो. पाण्यावर चालणाऱ्या ड्रिलला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी असल्याशिवाय हात लावू नये. पाणी आणि वीज एकत्र आली तर दुसरी संधी मिळत नाही.

प्रत्यक्ष काम करताना घाई नको. आधी भिंतीत जुनी तार, पाइप नाही ना ते पाहावे. तुळईच्या टेकूखाली, कमानीच्या दगडात आणि कोपऱ्याजवळ भोक घेऊ नये. सळईच्या खांबाला किंवा तुळईला इंजिनिअरला विचारल्याशिवाय स्पर्श करू नये. मग दहा-बारा मिलिमीटरचे लांब पाते लावून मध्यातून आरपार बारीक भोक घ्यावे. त्यावरून कोअर आतून अर्धा आणि बाहेरून अर्धा चालवावा. एकाच बाजूने रेटले तर पलीकडचा गिलावा थाळीएवढा निघून येतो. बहुतेक कोअर दीडशे मिलिमीटरच खोल जातात. तेवढे झाले की आतला गोळा छिन्नीने मोडून काढावा आणि पुढे जावे. पाण्याच्या भोकाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा. १२५ मिलिमीटरच्या भोकातून दीड फूट भिंतीचा गोळा अखंड निघाला तर त्याचे वजन दहा किलोच्या घरात भरते. बाहेर प्रदक्षिणेच्या मार्गावर त्या वेळी कोणी नसावे, मुले तर नकोच. शेवटी पाइपाभोवतीची फट जुन्या चुन्याच्या भिंतीत चुन्यानेच भरावी. कडक सिमेंट मऊ भिंतीशी जुळत नाही; ओल आणि खार आत कोंडून राहतात आणि शेजारचा दगड सुटू लागतो.

धुळीला हसण्यावारी नेऊ नये. विटा, वाळू, काँक्रीट यांच्या धुळीत सिलिका असते. ती फुफ्फुसात साचली की बाहेर निघत नाही. ज्या खंभातच्या कारागिरांचा आधी उल्लेख आला, त्यांच्यातल्या कित्येकांना अकीकाच्या धुळीने सिलिकोसिस जडला, आणि त्या रोगावर उतारा नाही. एक-दोन दिवसांच्या कामाने कोणी आजारी पडेल असे नाही; पण जो कारागीर रोज हेच करतो तो ते रोज सोसतो. देवाच्या कामासाठी येणाऱ्या कारागिराला चांगला मास्क, चष्मा आणि कानाला बोळे समितीने द्यावेत. त्याचा खर्च एका हारापेक्षा फार नाही. नाकाला बांधलेला रुमाल हा मास्क नव्हे.

वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असेल, किंवा संरक्षित स्मारकाच्या हद्दीजवळ असेल, तर १९५८ च्या कायद्याप्रमाणे परवानगी आधी घ्यावी लागते. वसईचा किल्ला असे संरक्षित स्मारक आहे. भोक पाडल्यावर परवानगी मागणे म्हणजे वरातीमागून घोडे.

शेवटी, घेतलेला हॅमर सांभाळायचा कसा? समितीने एक वही ठेवावी. कोणी नेला, कोणत्या तारखेला, कोणते पाते, परत कधी आला, एवढे चार रकाने पुरेत. नेणाऱ्याने ऐच्छिक देणगी पेटीत टाकावी. त्यातून कार्बन ब्रश आणि नवी पाती येतील. कोणाच्या विहिरीवरच्या पंपाचा पाइप भिंतीतून न्यायचा असेल, बावखलावरून वाडीला पाणी द्यायचे असेल, कोणाकडे लग्नघरात दिवा लावायचा असेल, तर त्याने मागावा आणि न्यावा. महिन्यातून एकदा तो पेटीतून काढून, पुसून, दोन मिनिटे चालवून परत ठेवावा. ही जबाबदारी एका माणसाच्या नावे असावी. सर्वांचे यंत्र म्हटले की ते कोणाचेच राहत नाही.

पुष्कळांना वाटेल, एवढ्या मोठ्या कार्यात या भोकाला एवढे महत्त्व कशाला. पण देणगीदार जेव्हा हात सैल सोडतो तेव्हा तो केवळ देवावर विश्वास ठेवीत नाही, हिशेब ठेवणाऱ्यावरही ठेवतो. कोणी केळीच्या वाडीच्या उत्पन्नातून दिले आहे, कोणी नोकरीच्या पगारातून, कोणी म्हातारपणाच्या शिल्लकीतून. त्या पैशाने घेतलेले यंत्र धूळ खात पडले तर देणाऱ्याचा पुढचा हात आखडतो. आणि त्या पैशाने भिंत हादरली तर मागच्या पिढीने ठेवलेली ठेव पुढच्या पिढीला पोचत नाही. भोक नेमके पडले, पाणी बाहेर गेले, भिंत कोरडी राहिली, कारागीर सुखरूप घरी गेला, आणि वहीत खर्चाची ओळ खरी लिहिली गेली, म्हणजे त्या लहान कामातूनही जीर्णोद्धार झाला असे समजावे.

भुईगावच्या ग्रामस्थांनी हाती घेतलेले हे कार्य निर्विघ्नपणे तडीस जावो, ही सदिच्छा.